फिलूमावशीचं निदान

फिलूमावशी कुणालाच 'तुम्ही' म्हणायची नाही. उत्तनच्या त्या वृद्धाश्रमात दर गुरुवारी येणारे डॉक्टर, मॅनेजर, नव्वदीचे म्हातारे, मी, सगळे 'तू'. पन्नाशी ओलांडलेली ही बाई जवळच्याच कोळीवाड्यातली, आश्रमात आया होती. कुणाही म्हाताऱ्याला हात लावण्याआधी ती समोर उकिडवी बसायची आणि रिकामे तळवे दाखवायची. "बघ बाबा, माझ्याकडं कायपन न्हाय. घाबरू नको."

माझे वडील, अप्पा, जन्मभर शाळेत चित्रकला शिकवत होते. स्मृतिभ्रंश झाल्यावर आधी आमची नावं गेली, मग घर ओळखू येईना. भाईंदरला इंद्रलोकमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांनी एकदा माझ्या बायकोच्या कपाळावर स्टीलचा पेला मारला. टाके पडले. त्याच आठवड्यात मी त्यांना उत्तनला नेऊन सोडलं. 'ठेवलं' म्हणतात, पण सोडलंच.

महिनाभरात मॅनेजरचा फोन आला. "सर, बाबा व्हायलंट झालेत. आंघोळीला नेलं की मारतात. डॉक्टरांनी गोळी लिहिलीय, व्हॉट्सॲपवर ओके टाका ना." मी मीटिंगमध्ये होतो. अंगठा पाठवला. रविवारी गेलो तर अप्पा खुर्चीत तोंड उघडं टाकून बसलेले, हनुवटीवर लाळ. मला हायसं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं.

फिलूमावशी शेजारी चादरींच्या घड्या घालत होती. "माणूस उगाच मारत न्हाय. दुखतंय कुठं, इचारलंस?"

"त्यांना सांगता कुठे येतं, मावशी?"

"सांगतोय की. मारून सांगतोय. बनियन काढताना डावा हात वर केला का मारतोय. उजव्याला न्हाय."

भाईंदर पश्चिमेला नेऊन एक्सरे काढला. डाव्या खांद्याचं हाड कधीतरी पडून मोडलेलं आणि तसंच वेडंवाकडं जुळलेलं. डॉक्टरांनी दुखण्यावरचं औषध दिलं, गुंगीची गोळी हळूहळू बंद केली. मावशीनं माझ्याकडून पुढून बटणं असलेले सदरे मागवून घेतले. अप्पांचं मारणं थांबलं. एकदा तर त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला तिचं नाक काढलं. "येवढं मोठं हाय काय रे माझं नाक?" म्हणत ती ते आश्रमभर दाखवत फिरली.

गोळीशी तिचं वैर नव्हतं. भिंतीत मेलेली माणसं दिसतात म्हणून दिवसभर किंचाळणाऱ्या एका आजींसाठी तिनंच डॉक्टरांची वाट अडवली होती: "हिला दे कायतरी. घाबरून मरंल ही." पण आया कमी पडतात म्हणून दिलेल्या गोळीला ती 'आपल्या आरामाची गोळी' म्हणायची, तेही नातेवाइकांच्या तोंडावर. दोन महिन्यांत तिला काढून टाकलं. मॅनेजर म्हणाला, "फार बोलायची, सर."

मी त्यावर काही बोललो नाही. बोललो असतो तर 'मग घेऊन जा बाबांना' असं ऐकावं लागलं असतं.

तिच्या जागी आलेल्या मुलीनं अप्पांना पुन्हा बनियन घातला, तो डोक्यावरून ओढून काढला, आणि त्यांनी तिला मारलं. पुन्हा फोन, पुन्हा गोळी. खांद्याचं मला ठाऊक होतं. एक वाक्य सांगायचं होतं. मी अंगठा पाठवला. गुंगीतच अप्पा पलंगावरून उतरताना पडले, खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणाला खिळले, छातीत कफ भरला, तीन आठवड्यांत गेले.

पुढे काही महिन्यांनी भाईंदरच्या बाजारात फिलूमावशी दिसली. बहिणीच्या पाटीपाशी बसून बोंबील विकत होती. मला बघताच हात पुसत तिनं विचारलं, "बाबा कसा हाय तुझा?"

"गेले, मावशी." तिला बरं वाटावं म्हणून मी पुढे म्हणालो, "शांतपणे गेले."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"शांत गेला न्हाय," ती म्हणाली. "शांत केला."

मग मान वळवून तिनं मागच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तुला काय देऊ?"