कागदातले पाच कडुलिंब

जांभळ्या शाईचा तो ओलसर, किंचित गोड वास अजूनही कुठे नाकाला लागला, की माझे मन आधी सावध होते आणि मगच प्रसन्न. आमच्या माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक दर महिन्याच्या अखेरीस पालकांसाठी एक पत्रक काढीत. आपल्या वळणदार अक्षरात ते एकच प्रत लिहीत, गोठवलेल्या सरसाच्या थाळीवर ती दाबून तिचा ठसा उमटवीत आणि त्यावरून पुढच्या प्रती काढीत. पहिल्या दहा प्रती ठसठशीत, विसावी फिकी, तिसावी तर उन्हात धरून वाचावी लागे! आम्ही दोन कोस चालत येणाऱ्या मुली, आमच्या हाती बहुधा शेवटच्याच प्रती पडत. परीक्षा केव्हा, सुटी किती, गणिताला नवे मास्तर आले, विहिरीचे पाणी गाळून प्यावे, असा सारा निरुपद्रवी मजकूर. अशा कागदाकडे संशयाने पाहण्यासारखे त्यात काय होते, असे तुम्ही विचाराल. पण तुम्ही माझ्या मायला पाहिलेले नाही!

राळेगावच्या बाजूला, काळ्या मातीतले आमचे गाव. वडील हंगामभर कापसाच्या जिनात कामाला असत, त्यामुळे घरातला शेवटचा शब्द मायचा. तिला अक्षर एकही येत नव्हते, आणि वरून जे जे येईल ते पारखून घ्यायचे हा तिचा बाणा होता. त्या वर्षांत वरून येतही फार होते. राज्यांची फेररचना झाली, गाव होते तिथेच राहिले आणि आमचे राज्य तेवढे बदलले. "आपन तं इथंच हावो, मंग राज्य कसं काय गेलं?" हा तिचा प्रश्न कोणालाच सोडवता आला नाही. पुढे शेराचा किलो झाला, तेव्हा दुकानातून आणलेली डाळ तिने घरच्या जुन्या मापाने पुन्हा मापली आणि आठवडाभर दुकानदाराशी बोलली नाही. अशा बाईच्या हाती शाळेने दर महिन्याला एक कागद ठेवावा, आणि तोही तिच्याच पोरीने वाचून दाखवावा!

पण माय कोणाला हार जाणारी नव्हती. तिने स्वतःची एक रीत काढली होती. पत्रक आणले की मी ते एकदा वाचायचे, आणि पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी तेच पुन्हा वाचायचे. दोन्ही वेळा ती डोळे मिटून ऐके. भुलाबाईची सारी गाणी जिला एक पद न चुकता पाठ, तिला कागदभर मजकूर लक्षात ठेवणे किती अवघड? एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की तिचे डोळे उघडत. कागद काही आठ दिवसांत बदलत नाही, मग बदलले कोण, एवढाच तिचा सवाल असे.

मी नववीत होते त्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. पत्रकात सातवी ओळ होती: मुलींची संख्या अपुरी असल्याने पुढील महिन्यापासून नववीच्या मुली मुलांच्याच वर्गात बसतील. ती ओळ मी वाटेतच वाचली. आदल्या वर्षी शेजारच्या शांतेची शाळा एवढ्याच कारणावरून सुटली होती, आणि दिवाळीनंतर तिचे लग्नही झाले होते. शिकण्याची माझी ओढ तेव्हा काय वर्णावी! घरी आले, मायसमोर बसले, सहा ओळी वाचल्या. सातवीपाशी जीभ अडखळली. ओळ गाळावी, तर बोट पुढे सरकलेले तिला मिटल्या डोळ्यांनीही कळेल, अशी माझी धास्ती. म्हणून मी त्या जागी एक नवीनच ओळ घातली: शाळेच्या आवारात कडुलिंबाची पाच रोपे लावण्यात आली. मायने मान डोलावली. खोटे बोलणे इतके सोपे असते, याचेच मला त्या रात्रभर नवल वाटत राहिले.

बाजाराचा दिवस आला. मी घडाघडा वाचत गेले, आणि सातव्या ओळीला म्हणाले, शाळेच्या आवारात आंब्याची पाच रोपे. मायचे डोळे उघडले. आवाज मुळीच न चढवता तिने विचारले, "कडूलिंबाचा आंबा केव्हा झाला वं?"

अक्षर फिके आहे, नीट दिसत नाही, असे काहीबाही मी पुटपुटले. तिने कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि पदराला बांधला. दुसऱ्या दिवशी निंदणाचे काम टाकून ती माझ्याबरोबर शाळेत निघाली. ती दोन कोसांची वाट मला पुढच्या कुठल्याही परीक्षेपेक्षा लांब वाटली.

मुख्याध्यापक तिला पाहून उठून उभे राहिले. "गुर्जी, हा कागद तुमीच लिहला ना? मंग तुमीच वाचा," माय म्हणाली. त्यांनी वाचला. सातवी ओळ खोलीभर स्पष्ट घुमली. "याच्यात झाडं कुठी हायत?" मायने विचारले. "झाडे? झाडांचे यात काही नाही, बाई," ते म्हणाले, आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना सारे समजले असावे. मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले होते.

माय मधल्या सुटीपर्यंत व्हरांड्यात बसून राहिली. मुले कशी बसतात, मुलींचे बाक दारापासून किती दूर, मास्तर कुणाकडे पाहून शिकवतात, सगळे तिने न्याहाळले. संध्याकाळी घरी परतताना गावाची शीव आली तेव्हा ती थांबली. "पोराईच्या वर्गात बस. वर्ग म्या पाह्यला, त्याचं मले भेव नाही. पन तुह्या वाचन्यावर आता माहा भरोसा नाही." मी रडले, पाया पडले, पुन्हा असे करणार नाही म्हणाले. तिने फक्त माझ्या खांद्यावरचे दप्तर सावरले. शाळा टिकली होती, आणि तरी मला काहीतरी फार मोठे हरवल्यासारखे वाटत होते.

पुढच्या आठवड्यात तिने विहिरीकाठी उगवलेली कडुलिंबाची पाच रोपे मातीसकट उपटली, टोपल्यात घातली आणि शाळेत नेऊन स्वतःच्या हाताने लावली. मुख्याध्यापकांनी कारण विचारले, तर म्हणाली, "कागदात आली ना झाडं, मंग जमिनीत आली पायजेत." त्या महिन्याच्या पत्रकात ओळ होती: एका पालक भगिनीने आवारात कडुलिंबाची पाच रोपे लावली. ती ओळ मायला वाचून दाखवण्यासाठी मी धावत घरी आले. तिने कागद घेतला आणि बाजारात रहीमचाचांच्या शिलाईच्या दुकानात गेली. चाचांनी चष्मा लावून वाचले. आठ दिवसांनी पुन्हा वाचले. त्यानंतर घरातला कुठलाही कागद माझ्याकडे आला नाही. माझा मॅट्रिकचा निकालसुद्धा मायने चाचांकडूनच वाचून घेतला, मी शेजारी उभी असताना!

तेव्हापासून मला लिहिलेल्या शब्दापेक्षा वाचणाऱ्याचा संशय अधिक येतो. सभेत कुणी अहवाल वाचू लागले, की यातली सातवी ओळ कोणती आणि तिच्या जागी कोणती झाडे लावली आहेत, हेच मी शोधत बसते. हा स्वभाव काही चांगला नव्हे. पण तो मी स्वतःकडूनच शिकले, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

पुढे मी केळापूरकडच्या एका शाळेत शिक्षिका झाले. घरी पत्रे लिहीत असे. चाचा ती वाचत, रिवाजाप्रमाणे दोनदा. एका दिवाळीत गावी आले, तेव्हा चाचांनी मशीन थांबवून मला हाक मारली. "बेटी, आजकाल तुही माय दुसऱ्यांदा येतच नाही. म्या इचारलं, तं म्हनते, आता कायले?" मी त्या दुकानाच्या पायरीवरच बसले आणि पोरीसारखी रडले.

घरी आले तेव्हा माय भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. माझ्या पिशवीतून आमच्या शाळेचे पत्रक डोकावत होते. ते मीच लिहिले होते, आणि त्याला तोच ओलसर, गोड वास येत होता. मायने मान वर केली. "काय लिहलं हाय त्याच्यात? वाच." मी ओळीखाली बोट धरून वाचू लागले. तिने डोळे मिटले नाहीत. ती आपली शेंगा सोलत राहिली.