बिनफिलमचे फोटो

साऱ्या संग्रामपुरात सगळ्यात जास्त फोटो काढले ते आमच्या शेजारच्या मामांनी, आणि त्यातला एकही कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. मामांचं कापडाचं दुकान. तरुणपणी जबलपूरला मेहुण्याच्या लग्नाला गेले आणि येताना लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावातून विमानातून फोटो काढायचा कॅमेरा घेऊन आले! दोघांनी मिळून उचलावं असं ते धूड. त्याला लागणारी रुंद फिल्म आपल्या देशात कुठंच मिळेना. पण मामांचं काही अडलं नाही. दिवाळीला सारी गल्ली ओट्यावर बसवायचे, खटका दाबायचे आणि म्हणायचे, "झकास आला!" पुढं कितीही वर्षांनी विचारा, तो फोटो त्यांना तोंडपाठ. "त्यात तू जांभई देऊन राह्यला होता बे," असं मला चारचौघांत ऐकवायचे. उतरत्या उन्हात सातपुडा निळा पडला की गिऱ्हाईक तसंच टाकून मामा घराच्या धाब्यावर, मातीच्या छतावर चढत आणि काचेला डोळा लावून अंधार पडेतो बसून राहत. कापड मोजायचं राहिलेलं, गिऱ्हाईक शिव्या देत घरी.

लिलावात त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं, की ही वस्तू सरकारला विचारल्याशिवाय देशाबाहेर न्यायची नाही. या अटीचा मामांना कोण अभिमान! "आपल्या गावात दुसरी कोणती चीज आहे, जिचा दिल्लीले घोर लागते?" बऱ्हाणपूरच्या भाच्यानं कॅमेरा चार दिवसांसाठी मागितला, तर म्हणाले, "नाही जमत. तिकडं राज्य बदलते."

मग त्यांच्या एकुलत्या एक सुमीचं लग्न झालं. नवरा आफ्रिकेत नोकरीला. जाताना पोरीनं एकच मागितलं, "बाबा, मले तो कॅमेरा द्या. तिकडं फिल्म भेटते म्हणतात."

मामा मला घेऊन बुलढाण्याच्या कचेरीत गेले. कारकून भला माणूस. कागद वाचून म्हणाला, "लष्करी चीज आहे, मामा. नाही जाऊ शकत."

"अन् फोटो?"

"फोटो खुशाल न्या."

मामा उठले, पुन्हा बसले. "पोरीचा पासपोर्ट तं झटक्यात देऊन टाकला तुम्ही लोकायनं. कॅमेऱ्याचीच काऊन एवढी काळजी?"

कारकुनानं चहा मागवला. दुसरं काय करणार बिचारा!

सुमी शेगावच्या गाडीत खिडकीशी बसली. मामा खिडकीला धरून उभे राहिले आणि एकेक फोटो तिच्या हवाली करू लागले. "हा घे. तू फराक घालून, नाकाले शेंबूड, दोन्ही मुठीत बोरं. हा सातपुड्याचा, पानी पडून गेल्यावरचा. हा तुह्या मायचा, पदर ठीक करून राह्यली अन् मले रागावून राह्यली."

आई गेली तेव्हा सुमी रांगत होती. तिचं हसू थांबलं. "लुगडं कोणतं होतं, बाबा?"

"जांभळं. दुकानातलंच. काठ मीच निवडला होता."

सुमीनं डोळे मिटून घेतले आणि मान हलवली. कंडक्टरनं घंटी ओढली. मामा गाडीबरोबर चालू लागले, "थांब, होळीचा राह्यला, होळीचा!" गाडी वळली, धुरळा खाली बसला, तरी मामा तिथंच.

मी म्हटलं, "मामा, आज कॅमेरा आणला असता तर हाही फोटो झाला असता."

मामा रिकाम्या रस्त्याकडं बघत राहिले.

"म्हनूनच नाही आणला बे," ते म्हणाले. "हा मले पाठ नाही करायचा."