जामची सिंदी केली तेव्हा

चहाचा कप आधी खाली ठेवा. हसता हसता अंगावर सांडला तर माझ्या नावानं बोंब माराल! आपल्याच लग्नात एवढा घोटाळा दुसऱ्या कोणत्या नवरदेवानं केला असेल, असं मला तरी वाटत नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. वर्ध्याजवळच्या एका कॉलेजात नवाकोरा कॉम्प्युटर आलेला, आणि तो सांभाळायचं काम माझ्याकडे. अख्ख्या जिल्ह्यात कॉम्प्युटर कळतो तो फक्त आपल्याला, ही माझी पक्की समजूत! मग लग्नाच्या पत्रिका छापखान्यात कशाला? आमच्याकडच्या पाहुण्यांसाठी मी त्या कॉम्प्युटरवरच केल्या. प्रत्येकाच्या नावाची वेगळी फाईल! यंत्राला मराठी लिहिता येत नव्हतं, म्हणून भाषा मराठी आणि अक्षरं इंग्रजी.

लग्न होतं जामला, सासऱ्यांच्या घरी. सगळं टाइप करून झालं आणि सासरे उगवले.

"जवाईबुवा, लग्न आता सिंदीले करू. माह्या भावाचं आवार मोठं हाय, अन् रेल्वे जवळच. पत्रिका बदलाले जमन का?"

"बाबूजी, चुटकीसरशी!"

त्या कॉम्प्युटरच्या युनिक्स प्रणालीत 'सेड' नावाचा एक हुकूम असतो. हा शब्द शोध आणि त्या जागी तो घाल, एवढं सांगितलं की बिचारा सगळ्या फायली बदलून मोकळा. मी सांगितलं, 'जाम' दिसेल तिथे 'सिंदी' कर. बटण दाबलं, कागद छापले, पोस्टात टाकले. वाचून बघायचे? छे! कॉम्प्युटर कधी चुकतो का?

आठवडाभरात सासरे पुन्हा हजर, थेट कॉलेजात. हातात आमच्या एका पाहुण्याकडून त्यांच्या गावभर फिरलेली पत्रिका, चेहरा लालबुंद.

आता हे ऐका. सासऱ्यांचं आडनाव जामदार. जाम, जामदार आणि जमावे, इंग्रजीत तिघांचीही पहिली तीन अक्षरं सारखीच! आणि आपल्याकडे सिंदी म्हणजे नुसतं गाव नाही, झाडावरून उतरवून प्यायची नशेची चीजसुद्धा. त्यात वर्धा दारूबंदीचा जिल्हा, आणि सासरे गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष!

"वाचा!" सासरे गरजले.

मी वाचलं. "श्री. सिंदीदार यांच्या कन्येशी… तरी सर्वांनी अगत्यपूर्वक सिंदीआवे."

"सिंदीआवे म्हंजे? पेऊन यावे?"

"नाही हो बाबूजी, ते 'जमावे' होतं!"

"अन् मी सिंदीदार? समितीतले लोक मले इचारून राह्यले, भट्टी कुठं टाकली म्हनून! तुमी पेता का, तेच पाहाले आलो मी. उघडा तोंड!"

उघडलं! काय करता? माझ्याच हाताखालच्या माणसांसमोर मी होणाऱ्या सासऱ्याला तोंडाचा वास दिला. वास आला फक्त चहाचा, म्हणून लग्न वाचलं.

"आत्ताच्या आत्ता दुरुस्त करतो," म्हटलं, आणि तोच हुकूम उलटा दिला. 'सिंदी' दिसेल तिथे 'जाम' कर! या वेळी मात्र मी शहाणा झालो होतो. तपासून पाहिलं. जामदार? बरोबर. जमावे? बरोबर. सासऱ्यांनीही पत्रिका डोळ्यांसमोर धरून आपलं आडनाव तपासलं आणि म्हणाले, "आता कसं!" खाली मी आणखी एक ओळ घातली: आधीची पत्रिका फाडून टाकावी. आणि पुन्हा पोस्टात.

लग्नाचा दिवस. सिंदीच्या आवारासमोर मी घोड्यावर. बँडवाले तयार, मुलीकडची मंडळी तयार. आणि आमच्याकडची? आई, बाबा आणि मी!

"तुमचे वऱ्हाडी कुठं हायेत?" सासरे विचारून विचारून थकले. मुहूर्त जवळ आला. आईला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात कापसाचा एक ट्रक कचकन थांबला. मागच्या फाळक्यावरून आमचा मामा उतरला, फेट्यात, मिशांत, सगळीकडे कापूस. त्याच्यामागे मामी, मावश्या, सगळा गोतावळा!

"जामले गेलतो आमी सारे!" मामा ओरडला. "घराले हे मोठ्ठं कुलूप! मले वाटलं, पोरीवाले पोरगी घेऊन पळाले! मंग शेजाऱ्यानं सांगतलं, लगन सिंदीले हाय!"

घोड्यावर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या उलट्या हुकमानं जामदार सुधारले, जमावे सुधारलं, आणि सिंदी गावही सुधारून पुन्हा जाम झालं होतं!

मामानं चुरगळलेली पत्रिका सासऱ्यांच्या नाकासमोर नाचवली. "कोन्या गाढवानं लिहिली हे?"

सासऱ्यांनी शांतपणे माझ्याकडे बोट केलं.

"तो काय, घोड्यावर बसला हाय."