मुराळी आत्या

शेवंताआत्या डोक्यावर शिदोरीची बुट्टी घेऊन निघाली की गल्लीतल्या बायका विचारत, "आज कुणाची पोरगी?" लेकीला सासरहून माहेरी आणायला जातो तो मुराळी. हे काम भावाचं, फार तर चुलत्याचं. बाईने ते केलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. फौजी नवरा वारल्यावर इस्लामपूरजवळ आमच्या शेजारीच घर करून एकटी राहायची. ज्या पोरीला आणायला कुणी जात नसे, तिच्याकडे ही जाई. सण असो वा नसो.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर, पुढच्या हिवाळ्यात, ती माझ्या बहिणीसाठी निघाली. कुसुमला वाईजवळच्या एका गावात दिलं होतं. नवरा मारायचा. दोनदा ती पळून घरी आली आणि दोन्ही वेळा मीच तिची समजूत घालून तिला परत पोचवलं. शाळामास्तर होतो, समजूत घालणं मला चांगलं जमायचं. दुसऱ्या खेपेला एसटीत ती माझ्या प्रत्येक वाक्याला "काय?" म्हणत होती. थपडांनी तिचा डावा कान गेला होता. ते ध्यानात येऊनही मी तिची ट्रंक त्यांच्या पुढच्या सोप्यात ठेवली आणि चहा घेऊन परतलो.

पुढे कुसुमने बाजारातल्या एका बाईकडून निरोप धाडला, तो आत्याला. "मला ने."

आत्याने शेंगांच्या पोळ्या लाटल्या आणि सकाळी मला म्हणाली, "दत्ता, पोचवताना ट्रंक उचललीस न्हवं? आता बुट्टी उचल."

"तिथं भांडण झालं तर?"

"भांडायला कोण चाललंय? मी शिदोरी घिऊन चाललीया."

गावात शिरल्यावर मी कुसुमच्या घराकडे वळलो, तर आत्याने बाही धरून मागे ओढलं. रीत अशी, की शिदोरी आधी सासरच्या घरात जाते आणि मग सासू ती शेजारीपाजारी वाटते. आत्याने गल्लीच्या टोकापासून स्वतःच वाटायला घेतली. दर उंबऱ्याला एक पोळी आणि तेच वाक्य, "कुसुमला न्यायला आलोय आमी, तोंड गोड करा." कुसुमच्या दारात पोचलो तेव्हा अख्खी गल्ली पोळी चावत आमच्या मागे उभी होती.

सासू म्हणाली, "पंचमी कवाच झाली."

"आमच्यात मी येते तवा पंचमी."

"आन बाईमाणूस मुराळी? घरात गडी न्हाईत व्हय?"

"हाय की. त्यो बघा, बुट्टी धरून हुबा हाय. पर गडी आला की तुमी त्येला च्या पाजता, आन त्यो पोरीलाच शाणपण शिकवून जातो. मला च्या चालत न्हाई, विहीणबाई."

मागे कुणीतरी हसलं. नवरा बाहेर आला. "ती कुठं बी जाणार न्हाई." आत्या त्याच्याशी बोललीच नाही. वळून एका म्हाताऱ्याला म्हणाली, "आवं दाजी, पोळी खाल्लीसा न्हवं? मुराळी रिकामा धाडायची रीत हाय का तुमच्या गावात?"

म्हाताऱ्याने घास गिळला. "न्हाई बा. जाऊ दे रं पोरीला."

एवढ्या लोकांपुढे नवऱ्याचा हात उठला नाही. कुसुम बाहेर आली ती अनवाणीच. आत्या तिच्या उजव्या बाजूने चालू लागली, बोललेलं ऐकू यावं म्हणून.

पुढे तो न्यायला आला, तेव्हा आत्या दारातच बसली होती. "आनायचं मला येतं. पोचवायचं येत न्हाई." एवढंच. कुसुम मिरजेला नर्सिंग शिकली आणि तिथेच नोकरीला लागली.

आत्याला मी एकदा विचारलं, हे खूळ कुठून शिकलीस? तिने बुट्टीवरचं फडकं झटकलं. "माझा फौजी रजेवर आला की त्याची रजा कवा सरंल म्हणून वाट बघायची मी. मला न्यायला कोन आलं न्हवतं."

आत्याने शेवटचं दुखणं मिरजेला कुसुमच्याच दवाखान्यात काढलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. आम्ही भाऊ-भाऊ तिला कोणी न्यायचं याचा खल करत बाहेर उभे असताना कुसुम बुट्टी घेऊन आली.

"आत्या, मुराळी आलाय. चल माझ्या घरी."

आत्याने डोळे उघडले. उठायची काही घाई केली नाही.

"आदी वाटलीस का?"

"व्हय. साऱ्या वॉर्डात."

"मग चल," आत्या म्हणाली, आणि माझ्याकडे बोट केलं. "बुट्टी त्येच्याकडं दे."