दसऱ्याचा हार आणि गप्प सर्व्हर
झेंडूचा वास आला की मला माजिवड्याच्या ऑफिसातला दसरा आठवतो. सर्व्हरला हार घातलेला आणि त्यावर एका हॉस्पिटलची अपॉइंटमेंटची साइट चालू होती. ती बंद न पाडता मी नवी सेटिंग रीलोड केली. स्क्रीनवर एक अक्षर उमटलं नाही. "झालं," मी म्हणालो. टिटवाळ्याहून येणाऱ्या आमच्या सीनियर मॅडमनी हातातला पेढा खाली ठेवला. "आधी तपासलेलीस ना?" "हो," मी चक्क खोटं बोललो. "मग तपासल्याच्या ओळी कुठेयत स्क्रीनवर? इतकं गपचूप कसं रे?" म्हणत त्यांनी लॉग, म्हणजे सर्व्हरने स्वतः ठेवलेल्या नोंदी, उघडला. सेटिंगमध्ये एक कंस उघडाच राहिलेला, म्हणून सर्व्हरने ती नाकारून जुनीच चालू ठेवलेली. "त्याने तपासली बघ," त्या म्हणाल्या, "तू नाही." आता कुणी पटकन 'झालं' म्हणालं, की मी लॉग उघडतो, मीच म्हणालो असेन, तर दोनदा.