टकटक मिस्तरी आणि गप झालेली पिकअप

त्या दिवशी आडगाव नाक्याच्या पुढच्या शेडमधी चौघंच होतो. टकटक मिस्तरी, माझी सून रंजना, मी, अन् शेजारचा बापू वेल्डर. बापूनं काम काय केलं नाय, दोनदा चहा पिऊन गेला. पण होता म्हणून नाव घेतलं, उद्या म्हणायला नको आजीनं वगळलं.

मिस्तरीचं खरं नाव मी कधी विचारलं नाय. दिसेल ते बोटाच्या पेरानं ठोकून बघायची त्याला खोड. कलिंगड तर सगळेच ठोकतात, हा माठ ठोकायचा, दार ठोकायचा, चहाचा कप भी ठोकायचा. आम्ही गाडी घेऊन गेलो तर आम्हाला 'या' म्हणायच्या आधी त्यानं पिकअपचं दार ठोकलं, डोळे मिटले अन् म्हणाला, "माय, पत्रा बोलस. आयकनं पडस." तो नामपूरकडचा, अर्धं अहिराणीत बोलायचा. पत्रा बोलतो, ऐकावं लागतं, असं त्याचं म्हणणं.

मी म्हणले, "आम्ही दोन वर्षं तेच ऐकतोय बाबा. गप करायला आणलीय."

गाडी माझ्या पोराची. तो तापात गेला, चार दिवसांत. त्याच्या बापाला तर मी तरणी असतानाच जाळून आले होते, तेव्हा रडून काय होतं ते मला ठाऊक होतं. पोरानं जिवंतपणी बायकोला गाडी शिकवली होती, तेवढं एक चांगलं करून गेला. वणीच्या अलीकडं आमचं गाव. तिथून कोथिंबीर, टमाटे भरायचे अन् नाशिकच्या मार्केटला न्यायचे. रंजना चालवायची, मी शेजारी बसायची. बाई एकटी गाडी चालवते म्हणलं की लोक बोलतात. सासू शेजारी असली की जरा कमी बोलतात.

अन् ती गाडी. तिचं छत वाजायचं, दारं वाजायची, पायाखालचा पत्रा तर गिरणीसारखा. रिकामी परतताना त्याहून जास्ती. रंजना काय बोलली तर मला तोंड हललेलं दिसायचं. मी आपली 'हां हां' करायची. ती हसली तर मी हसायची. दोन वर्षं असंच चाललं, अन् खरं सांगू, मला बरंच वाटायचं. पोराचं नाव कोणी काढलंच तर ऐकू येत नव्हतं.

मग रंजनाच एकदा म्हणाली, आत्या, आवाजाचं काम करून घेऊ. मला वाटलं, माझं डोकं दुखतं म्हणून करते. चार घरी सांगून आले मी, सून असावी तर अशी.

मिस्तरीनं सीट काढल्या, खालची मॅट काढली, दाराचे पुठ्ठे काढले. आतून गाडी म्हणजे नुसता डबा. त्यानं आधी रॉकेलच्या फडक्यानं पत्रा पुसला, मग सगळीकडं टकटक करत खडूनं फुल्या मारल्या. टण् वाजलं की फुली. तिथं काळ्या डांबरासारख्या चिकट पट्ट्या लावायच्या, वरून चांदीचा कागद. म्हणाला, "सगळीकडं चिकटवतो तो व्यापारी. जिथं दुखतं तिथंच लावतो तो मिस्तरी."

पट्टी दाबायला त्याच्याकडं रूळ होता, त्याची दांडी नेमकी त्या दिवशी तुटली. म्हणून त्यानं घरातून लाटणं आणलं अन् माझ्या हातात दिलं. मी आपली जन्मभर बाजरी थापणारी, हातानंच पट्टी थापाया लागले.

"माय, ही भाकर नाय, पोळी हे. लाटा."

"पोळ्या आमच्याकडं सणालाच व्हायच्या."

"मग आज सण समजा."

बापू वेल्डर तेवढ्यात म्हणाला, "आजी, तूप लावा वरून." त्याचं काम तेवढंच.

मी लाटत लाटत दाराच्या पार तळापर्यंत गेले. मिस्तरीनं हात धरला अन् खालची पट्टी नखानं फाडून काढली. तिथं बारीक भोकं होती, मी बुजवून टाकली होती. म्हणाला, "काचेतून दाराच्या पोटात पाणी जातंच माय. ते कोणाला चुकलं नाय. बाहेर यायला वाट ठेवली नाय तर दार आतून सडतं." रंजना लगेच उठून पाणी प्यायला गेली. मला काय त्यात समजलं नाय.

दुपारी गाडी जोडून झाली. मिस्तरीची एक रीत होती. काम झालं की गिऱ्हाइकानं गाडी पळवायची अन् आतल्या आत हळू बोलायचं. तो स्वतः मागं हौद्यात बसायचा. म्हणायचा, "तिसरा आत बसला की दोन माणसं खरं बोलत नाय. मी काचेवर ठोकलं की सांगायचं, आवाज येतो का नाय."

रंजनानं गाडी दिंडोरी रोडला घातली. खडखड नाय, गाडी नुसती सरकत होती. मला माझाच श्वास ऐकू येत होता. मी म्हणले, "काय तरी बोल की."

ती समोर बघूनच बोलली. "आत्या, रविवारी गाडी न्यायला येणार हेत."

"कोण?"

"देवळ्याचं गिऱ्हाईक. माझ्या भावानं बघितलंय. आवाजाचं काम करून द्या म्हणाले, म्हणून तर आणली."

"अन् तू?"

"मी भी जाते ना माहेरी. तुम्हीच म्हणालात."

"मी कधी म्हणले?"

"मागच्या महिन्यात. वणीकडून येताना विचारलं मी, आत्या, जाऊ का? तुम्ही म्हणालात, जा की, कोणी धरून ठेवलंय तुला."

मला ते आठवलं. म्हणले, "अगं बये, त्या खडखडाटात 'जाऊ का' तेवढंच ऐकू आलं, अन् पुढं उसाचा ट्रॅक्टर होता. मला वाटलं, त्याला ओलांडून जाऊ का विचारतीस."

तिनं गाडी बाजूला घेतली. आधी हसली का आधी रडली, मला सांगता नाय येणार. महिनाभर ती पोर ते वाक्य पोटात घेऊन मला भाकरी वाढत होती. मग तिनं नाक पुसलं अन् विचारलं, "मग जाऊ, का नको?"

"तुझ्या मनाचं कर. मला विचारशील तर नको."

तेवढ्यात मागून काचेवर टकटक. "माय, आवाज येतो का?"

"येतो बाबा," मी म्हणले. "सगळा येतो."

शेडवर येऊन त्याला ट्रॅक्टरचं सांगितलं तर तो हसला नाय. रंजनाला म्हणाला, "बहीण, आपल्यात बाई निघताना 'येते' म्हणते. 'जाऊ का' म्हणलीस तिथंच गाडी थांबवायची होती." मग माझ्याकडं वळला, "अन् माय, आयकनं पडस." रविवारचं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं. पोराचं नाव आता गाडीत निघतं. पिंपळगावच्या वळणावर तो दर वेळी भजी खायचा, ते रंजना सांगते, मी ऐकते.

पुढं काही वर्षांनी, जन्मभर पत्र्याला कान देऊन मिस्तरीचेच कान गेले. शेड बंद करून तो नामपूरला लेकीकडं गेला. आम्ही कांद्याच्या भाड्याला तिकडं गेलो तेव्हा मुद्दाम भेटलो. त्यानं दार ठोकलं अन् मग तळवा टेकवून ठेवला पत्र्यावर. आता हातानंच ऐकायचा. म्हणाला, "गप शे," म्हणजे गाडी अजून गपच आहे. मी विचारलं, जेवण जातं का? तो म्हणाला, हां हां. मी विचारलं, लेक बघते का नीट? हां हां. ते 'हां हां' माझ्या ओळखीचं होतं. मी त्याचा हात धरून, कानाशी तोंड नेऊन म्हणले, "येते मिस्तरी." तेवढं त्याला कळलं.

मागच्या उन्हाळ्यात तो गेला. लाटणं माझ्याकडंच राहिलं, त्याचं डांबर अजून निघत नाय.

वाचणाऱ्याला एवढंच सांगणं हे. गाडीत शेजारचं माणूस 'जाऊ का' म्हणालं तर 'हां' म्हणू नका. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, अन् कुठं ते विचारा.