टीनएजर आहे ना

सीवूड्सच्या खाडीकाठच्या वाटेवर संध्याकाळी ती बाई मला रोज दिसायची. ओढणी कमरेला बांधून झपझप चालायची. तिची मुलगी थोडी पुढे असायची. बाई हाक मारायची, मुलगी वळून बघायची नाही, मग बाई माझ्याकडे बघून हसायची. "टीनएजर आहे ना. आमचं कुठं ऐकणार?"

मीही हसून म्हणायचे, "घरोघरी तेच हो."

खरं तर तो इंग्रजी शब्द नुसतं वय सांगतो, तेरा ते एकोणीस. पण रोजच्या बोलण्यात तो तक्रार म्हणूनच यायचा आणि एकदा उच्चारला की पुढे काही विचारावंसं वाटायचं नाही.

मध्ये काही दिवस दोघी दिसल्या नाहीत. मग एका संध्याकाळी बाई बाकावर बसलेली दिसली. मुलगी कठड्याशी उभी राहून बगळे बघत होती. मी सवयीनं विचारलं, "काय म्हणते टीनएजर?"

बाई हसली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "डाव्या कानानं तिला ऐकूच येत नाही. उजवाही कमी झालाय. शाळेतल्या बाईंच्या लक्षात आलं. मी आई, आणि मी सगळ्यांना तिचं वय सांगत फिरले."

मला तिच्याकडे बघवेना. रोज मीच तर मान डोलावली होती.

बाई उठली. तिनं हाक मारली नाही. मुलीच्या समोर जाऊन, आपलं तोंड तिला नीट दिसेल अशी उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "चल, घरी जाऊया."